संरचित प्रकाशाने पृष्ठभागावरील दोष कसे मोजावेत: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

पुलाचा खांब, बोगद्याचे अस्तर, धरणाची भिंत किंवा पोलादी तुळई यांची पाहणी करताना दोष डोळ्यांना दिसतो, पण त्याचे माप हाती लागत नाही. ‘काँक्रीटची खपली उडाली आहे’ एवढे नोंदवहीत लिहिता येते. मात्र ती किती खोल आहे, किती क्षेत्रावर पसरली आहे आणि मागच्या पाहणीनंतर वाढली आहे का, या प्रश्नांची उत्तरे मोजपट्टी आणि अनुभव यांच्या भरवशावर द्यावी लागतात, आणि दोन निरीक्षकांची उत्तरे क्वचितच जुळतात. स्ट्रक्चर्ड लाइट, म्हणजे संरचित प्रकाश, ही पद्धत नेमकी ही उणीव भरून काढते. एक प्रोजेक्टर, एक कॅमेरा आणि एक संगणक एवढ्या सामग्रीवर, पृष्ठभागाला हात न लावता, त्याच्या उंचसखलपणाचा मिलिमीटरच्या अंशापर्यंतचा नकाशा तयार करता येतो.

या पद्धतीचा एक स्वभाव मात्र आधीच ओळखून असावा. ती भिंगासारखी आहे, झाडूसारखी नाही. संपूर्ण पूल झाडून काढून दोष शोधण्यासाठी ती फार संथ आहे. जिथे दोष आहे किंवा असल्याचा संशय आहे, तिथे नेऊन तो मोजण्यासाठी ती उत्तम आहे. हे केवळ मत नसून साधा हिशेब आहे, आणि तो पुढे येईलच.

तत्त्व थोडक्यात

प्रोजेक्टर पृष्ठभागावर उभे काळे-पांढरे पट्टे टाकतो आणि बाजूला काही अंतरावर ठेवलेला कॅमेरा ते टिपतो. पृष्ठभाग सपाट असेल तर पट्टे सरळ दिसतात; खड्डा किंवा उंचवटा असेल तर ते त्या जागी एका बाजूला सरकतात. कॅमेऱ्यातला प्रत्येक पिक्सेल प्रोजेक्टरच्या कोणत्या स्तंभाने उजळला आहे हे कळले, की कॅमेऱ्यातून निघणारी रेषा आणि प्रोजेक्टरमधून निघणारे प्रतल यांचा छेदबिंदू काढता येतो आणि तोच पृष्ठभागावरचा बिंदू असतो. दोन कॅमेऱ्यांच्या स्टिरिओ पद्धतीतही त्रिकोणच सोडवावा लागतो. पण तिथे दोन्ही प्रतिमांमध्ये सारखी खूण शोधावी लागते आणि एकसुरी राखाडी काँक्रीटवर अशी खूण सापडत नाही. इथे ती खूण आपण स्वतःच प्रकाशाने रंगवतो, हा सगळा फायदा आहे.

पहिला टप्पा: कोणता दोष मोजायचा ते ठरवा

यंत्र विकत घेण्यापूर्वी हा प्रश्न सोडवावा, कारण नवशिक्यांची बहुतेक निराशा इथेच जन्म घेते. संरचित प्रकाश आकार मोजतो. ज्या दोषामुळे पृष्ठभागाचा आकार बदलतो तो मोजता येतो: उडालेल्या खपल्या, झिजलेला किंवा सुटलेला थर, हनीकोंबिंगच्या, म्हणजे काँक्रीट नीट न भरल्याने राहिलेल्या, पोकळ्या, गंजामुळे पोलादावर पडलेले खळगे, सांध्याच्या दोन्ही बाजूंमधील पायरी, फुगवटा, वाकलेली पट्टी. ज्या दोषामुळे आकार बदलत नाही तो दिसत नाही. आतून सुटलेला पण अजून न पडलेला काँक्रीटचा थर या यंत्राला धडधाकट वाटतो. त्यासाठी हातोडीने ठोकून आवाज ऐकणे हीच जुनी आणि भरवशाची चाचणी आहे.

भेगांचे प्रकरण या दोहोंच्या मधले आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. काँक्रीटमधील भेगांच्या रुंदीच्या ज्या मर्यादा संहितांमध्ये आणि मार्गदर्शिकांमध्ये आढळतात, त्या फार बारीक असतात. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या २२४आर या अहवालात कोरड्या हवेसाठी ०.४१ मिमी, दमट हवेसाठी ०.३० मिमी आणि पाणी साठवणाऱ्या बांधकामासाठी ०.१० मिमी अशी मार्गदर्शक मूल्ये दिली आहेत. एवढ्या अरुंद फटीत प्रोजेक्टरचा प्रकाश तिरका शिरत नाही, शिरला तरी तिरक्या कॅमेऱ्याला तळ दिसत नाही, आणि पिक्सेलचा आकारच जवळजवळ भेगेएवढा असतो. त्यामुळे ‘त्रिमितीय स्कॅनमधून भेगेची खोली मिळेल’ ही अपेक्षा सोडून द्यावी. भेगेची रुंदी हवी असेल, तर पूर्ण पांढरा प्रकाश टाकून घेतलेल्या साध्या छायाचित्रातून ती काढावी. त्रिमितीय माहितीचा उपयोग तिथे मोजपट्टीसारखा होतो, म्हणजे प्रत्येक पिक्सेल पृष्ठभागावर किती मिलिमीटर आहे हे अचूक कळते, पृष्ठभाग तिरका किंवा वक्र असला तरीही.

दुसरा टप्पा: कागदावर हिशेब करा

समजा, कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.४५ मायक्रोमीटरचा, सेन्सर २४४८ गुणिले २०४८ पिक्सेलचा, लेन्स १६ मिमीची आणि पृष्ठभागापर्यंतचे अंतर १ मीटर आहे. पिक्सेलच्या आकाराला अंतराने गुणून लेन्सच्या नाभीय अंतराने भागले, की पृष्ठभागावरील एका पिक्सेलचे माप मिळते: सुमारे ०.२२ मिमी. म्हणजे एका वेळी साधारण ५३० गुणिले ४४० मिमीचा तुकडा दिसतो.

आता खोलीतील चूक पाहू. ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि कॅमेरा व प्रोजेक्टर यांच्यातील अंतराच्या, म्हणजे पायारेषेच्या, व्यस्त प्रमाणात घटते. पायारेषा ३०० मिमी धरली आणि पट्ट्याची जागा एका पिक्सेलच्या दशांशापर्यंत ओळखता आली, तर १ मीटरवर खोलीतील चूक सुमारे ०.०७ मिमी येते. तेच यंत्र २ मीटरवर नेले, की ती चौपट, म्हणजे जवळजवळ ०.३ मिमी होते. ही चांगल्या परिस्थितीतील सैद्धांतिक आकडेवारी आहे. प्रत्यक्ष जागेवर याच्या दुपटी-तिपटीची तयारी ठेवावी.

पायारेषा वाढवली की अचूकता वाढते हे खरे, पण आडोसाही वाढतो. खड्ड्याच्या एका कडेलगत प्रोजेक्टरचा प्रकाश पोहोचत नाही आणि दुसऱ्या कडेलगत कॅमेऱ्याची नजर पोहोचत नाही. मधला जो भाग दोघांनाही दिसतो तेवढाच मोजला जातो. वरील मापांमध्ये उभ्या कडांच्या भोकाची रुंदी त्याच्या खोलीच्या ०.३ पटीपेक्षा जास्त असेल तरच तळ दिसतो. म्हणजे २० मिमी खोल भोक ६ मिमीपेक्षा अरुंद असेल, तर तळाचा एकही बिंदू मिळणार नाही. सांधा किंवा लांबट चर मोजताना यावर एक साधा उपाय आहे: यंत्र फिरवून पायारेषा चराच्या लांबीला समांतर करावी. मग प्रकाश आणि नजर दोन्ही चराच्या लांबीच्या दिशेने तिरकी राहतात आणि बाजूच्या भिंती आड येत नाहीत.

आता तो झाडूचा हिशेब. शेजारच्या दोन दृश्यांमध्ये सुमारे ३० टक्के सामाईक भाग ठेवायचा म्हटले, तर एका दृश्यातून नवे क्षेत्र सुमारे ०.११ चौरस मीटर मिळते, म्हणजे एका चौरस मीटरला नऊ दृश्ये. १०० चौरस मीटरच्या भिंतीला ९०० दृश्ये लागतील; प्रत्येक दृश्याला यंत्र हलवणे, स्थिर करणे आणि टिपणे यांत दोन मिनिटे गेली, तरी ३० तास होतात. म्हणून मोठ्या क्षेत्रावर आधी डोळ्यांनी, साध्या छायाचित्रांनी किंवा फोटोग्रॅमेट्रीने (अनेक छायाचित्रांतून मापे काढण्याच्या तंत्राने) चाळणी लावावी आणि निवडक जागीच हे यंत्र न्यावे. रस्ते आणि लोहमार्ग यांच्या बाबतीत याच कुटुंबातील दुसरे तंत्र वापरले जाते: वाहनावर बसवलेली लेझरची एकच रेषा आणि तिच्याकडे पाहणारा वेगवान कॅमेरा. वाहन पुढे सरकते तसे छेदामागून छेद जमा होतात. तो स्वतंत्र विषय आहे.

तिसरा टप्पा: साधनांची जुळणी

कॅमेरा शक्यतो कृष्णधवल, औद्योगिक प्रकारचा आणि कच्ची प्रतिमा देणारा असावा. आपोआप होणारे सर्व काही बंद करावे: एक्स्पोजर, गेन, फोकस, गॅमा, धार वाढवणे. फोकस एकदा लावला, की लेन्सचे स्क्रू घट्ट करून त्यावर चिकटपट्टी लावावी; कॅलिब्रेशननंतर, म्हणजे यंत्राची मापे गणिताने निश्चित केल्यानंतर, फोकसची कडी अंशभर जरी सरकली, तरी सगळे कॅलिब्रेशन वाया जाते. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) फार मोठे ठेवू नये. वरच्या उदाहरणात एफ/८ वर साधारण २१५ मिमी खोलीपर्यंतचा भाग स्पष्ट राहतो, तर एफ/२.८ वर तो ७५ मिमीच्या आसपास येतो.

प्रोजेक्टर सभागृहात वापरतात तसा साधा असला तरी सुरुवातीला चालतो, मात्र त्याच्या मूळ रिझोल्यूशनवरच पट्टे पाठवावेत आणि कीस्टोन दुरुस्ती (तिरपी पडलेली प्रतिमा चौकोनी करणारी), आपोआप कॉन्ट्रास्ट व वीजबचत या सोयी बंद कराव्यात. प्रतिमा ‘सुंदर’ करणारी प्रत्येक सोय मोजमापाची शत्रू आहे. डीएलपी प्रोजेक्टर राखाडी छटा एकाच फ्रेममध्ये सूक्ष्म आरसे वेगाने उघडझाप करून तयार करतो. त्यामुळे कॅमेऱ्याचे एक्स्पोजर फ्रेमच्या कालावधीच्या पूर्ण पटीत ठेवावे लागते, नाहीतर छटा अर्धवट टिपली जाते. ६० हर्ट्झच्या प्रोजेक्टरसाठी हा कालावधी १६.७ मिलिसेकंद आहे. भोवती ५० हर्ट्झ विजेवरचे दिवे असतील तर त्यांचा प्रकाश दर १० मिलिसेकंदांनी कमीजास्त होतो. या दोहोंना एकाच वेळी सांभाळणारी सोयीची संख्या म्हणजे ५० मिलिसेकंद: प्रोजेक्टरच्या तीन फ्रेम आणि दिव्यांची पाच आवर्तने.

कॅमेरा आणि प्रोजेक्टर एकाच कडक दांड्यावर घट्ट बसवावेत. अ‍ॅल्युमिनियमचा ३०० मिमी लांबीचा दांडा तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यावर सुमारे ०.०७ मिमीने लांब होतो आणि तेवढ्यानेच १ मीटरवरील अंतरात ०.२३ मिमीची चूक शिरते. शिवाय प्रोजेक्टर स्वतः तापतो आणि त्याची प्रतिमा हळूहळू सरकते. म्हणून यंत्र चालू करून अर्धा तास तसेच ठेवावे आणि मगच कॅलिब्रेशन किंवा मोजणी सुरू करावी.

चौथा टप्पा: कॅलिब्रेशन

इथे घाई करणाऱ्याला पुढे कोणतेही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही. झेंगयू झांग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली, बुद्धिबळाच्या पटासारख्या सपाट फलकावर आधारलेली पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. फलक वेगवेगळ्या अंतरांवर आणि कोनांत धरून पंधरा ते वीस स्थितींमध्ये टिपायचा. काही स्थितींत तो ३० अंशांपर्यंत कललेला असावा, आणि सर्व स्थिती मिळून प्रतिमेचे चारही कोपरे व्यापले गेले पाहिजेत. प्रोजेक्टर म्हणजे उलट दिशेने चालणारा कॅमेरा असे गणितात मानले जाते. फलकावर प्रत्येक स्थितीत पट्टे टाकून, प्रत्येक चौकटीचा कोपरा प्रोजेक्टरच्या कोणत्या पिक्सेलवर पडतो हे शोधले, की त्याचेही कॅलिब्रेशन त्याच सूत्रांनी होते.

फलक खरोखर सपाट हवा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद दमट हवेत फुगतो आणि ती वक्रता मापनात उतरते. जाड काच किंवा कडक धातूचा पत्रा वापरावा. छापलेल्या चौकटींचे माप संगणकातील आकड्यावरून गृहीत न धरता चांगल्या पट्टीने किंवा व्हर्नियर कॅलिपरने तपासावे, कारण प्रिंटर सहज अर्धा-एक टक्का फरक करतो आणि मग तुमचा प्रत्येक खड्डा तेवढ्याच टक्क्यांनी चुकतो.

सॉफ्टवेअर शेवटी पुनर्प्रक्षेपण चूक, म्हणजे प्रतिमेत दिसलेले आणि गणिताने काढलेले कोपरे यांच्यातील फरक, म्हणून एक आकडा देते. ती ०.३ पिक्सेलच्या खाली आली, की नवशिक्याला हायसे वाटते. तो आकडा चांगला असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. खरी परीक्षा माहीत असलेल्या वस्तूवर घ्यावी. सपाट ग्रॅनाइट किंवा काचेवर पांढरा मॅट रंग देऊन ती स्कॅन करावी आणि प्रतलापासूनचे विचलन पाहावे, तिच्यावर ०.२, ०.५ आणि १ मिमी जाडीची फीलर गेजची पाती चिकटवून त्यांच्या पायऱ्या मोजाव्यात. जी पायरी गोंगाटात, म्हणजे मापातील यादृच्छिक चढउतारांत, हरवते, त्यापेक्षा बारीक दोषाबद्दल अहवालात काहीही लिहू नये. अधिक औपचारिक तपासणी हवी असल्यास जर्मनीच्या व्हीडीआय/व्हीडीई २६३४ या मार्गदर्शिकेचा दुसरा भाग पाहावा; त्यात गोल, गोलांमधील अंतर आणि सपाटपणा यांवरून अशा यंत्रांची चूक ठरवण्याची रीत दिली आहे.

पाचवा टप्पा: पट्ट्यांची निवड

दोन घराणी आहेत आणि बहुधा दोन्ही मिळून वापरली जातात. पहिले ग्रे कोडचे, जे बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमाने येणाऱ्या प्रतिमा प्रत्येक स्तंभाला द्विमान क्रमांक देतात, आणि शेजारच्या दोन क्रमांकांत एकच अंक बदलत असल्याने सीमेवर चूक झाली तरी ती एका स्तंभापुरतीच राहते. १२८० स्तंभांसाठी ११ प्रतिमा लागतात. प्रत्येकीची उलटी प्रतिमाही घेतली आणि पूर्ण पांढरी व पूर्ण काळी अशा दोन जोडल्या, तर २४ होतात. काँक्रीटवर डाग असतातच, त्यामुळे उलट्या प्रतिमा घेण्याचा कंटाळा करू नये. पिक्सेल काळा की पांढरा हे ठरवण्यासाठी स्वतःच्या उलट्या रूपाशी तुलना करणे कोणत्याही ठरावीक उंबरठ्यापेक्षा खात्रीचे असते.

दुसरे घराणे फेज, म्हणजे लाटेच्या आवर्तनातील स्थान, सरकवण्याचे. यात तीव्रता लाटेसारखी कमीजास्त होणारे पट्टे टाकतात आणि तेच पट्टे पाव आवर्तनाने सरकवत चार प्रतिमा घेतात. चौथ्या प्रतिमेतून दुसरी वजा करायची, पहिलीतून तिसरी वजा करायची आणि या दोन वजाबाक्यांच्या गुणोत्तराचा आर्कटॅन्जंट काढायचा: त्या पिक्सेलवरील फेज मिळते. वजाबाकीमुळे भोवतालचा स्थिर प्रकाश आपोआप गळून पडतो आणि अचूकता पिक्सेलच्या अंशापर्यंत जाते. अडचण एवढीच, की फेज प्रत्येक आवर्तनानंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि आपण कितव्या आवर्तनात आहोत हे कळत नाही. ते ग्रे कोड सांगतो. आवर्तन १६ पिक्सेलचे ठेवले तर १२८० स्तंभांत ८० आवर्तने बसतात आणि त्यांना क्रमांक द्यायला ७ ग्रे कोड प्रतिमा पुरतात. चार फेजच्या आणि काळी-पांढरी मिळून एकूण १३.

प्रोजेक्टरचे तेज त्याला दिलेल्या आकड्याच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. हे दुरुस्त केले नाही तर सपाट भिंतीवरही समान अंतरावर बारीक लाटा दिसतात आणि नवखा माणूस त्यांना शटरिंगच्या खुणा समजतो. ० ते २५५ पर्यंतच्या राखाडी छटा एकेक करून टाकाव्यात, कॅमेऱ्याने मोजाव्यात आणि उलटी सारणी तयार करून पट्टे तिच्यातून पाठवावेत. ओळखण्याची खूण सोपी आहे: लाटांची रुंदी पट्ट्यांच्या आवर्तनाशी ठरावीक प्रमाणात (चार प्रतिमांच्या पद्धतीत सुमारे पाव आवर्तन) असेल आणि यंत्र हलवल्यावर लाटाही सोबत सरकत असतील, तर त्या भिंतीच्या नसून यंत्राच्या आहेत.

सहावा टप्पा: प्रत्यक्ष जागेवर

सर्वांत मोठा विरोधक सूर्य आहे. भर उन्हात पृष्ठभागावर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. १००० लुमेनचा प्रोजेक्टर आपल्या ५३० गुणिले ४४० मिमीच्या तुकड्यावर जेमतेम ४३०० लक्स देतो. वजाबाकीने भोवतालचा प्रकाश जातो, पण त्याचा गोंगाट जात नाही, आणि सेन्सर आधीच भरून गेलेला असेल तर वजा करायलाही काही उरत नाही. बोगदे आणि पुलाखालची सावली यांत अडचण कमी येते. इतरत्र रात्री काम करावे, काळ्या कापडाचा आडोसा करावा, किंवा निळ्या एलईडीचा प्रोजेक्टर घेऊन कॅमेऱ्यावर फक्त तोच रंग आत सोडणारा फिल्टर बसवावा.

ओला पृष्ठभाग टाळावा. पाण्याच्या थरामुळे चकाकी येते आणि काँक्रीट काळवंडते. दोन्हींमुळे पट्ट्यांचा कॉन्ट्रास्ट पडतो. चकचकीत पोलाद किंवा तकतकीत रंग यांवर दोन-तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या मालिका घेऊन प्रत्येक पिक्सेलसाठी न भरलेली सर्वांत उजळ नोंद वापरावी, किंवा प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोघांपुढे एकमेकांना काटकोनात पोलरायझर लावावेत. पांढऱ्या भुकटीचा फवारा प्रयोगशाळेत उत्तम, पण मालकाच्या परवानगीशिवाय बांधकामावर काहीही फवारू नये. शिवाय बारीक खळग्यांत भुकटी साचली तर जे मोजायचे तेच बुजते.

तेरा प्रतिमा ५० मिलिसेकंदांच्या, म्हणजे निव्वळ एक्स्पोजरच ०.६५ सेकंदाचे झाले. तेवढ्या वेळात यंत्र आणि पृष्ठभाग यांच्यात सापेक्ष हालचाल होता कामा नये. वाहतूक चालू असलेल्या पुलावर अवजड वाहन गेल्यावर थोडे थांबून मग टिपावे. ट्रायपॉडचे पाय जमिनीवर आणि पृष्ठभाग थरथरणाऱ्या तुळईवर अशी स्थिती असेल तर यंत्र तुळईलाच अडकवता येईल का ते पाहावे. हालचाल टाळणे अशक्य असेल तर ठिपक्यांचा एकच नमुना टाकून एकाच प्रतिमेत काम उरकणारी यंत्रे आहेत; २०१० साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या किनेक्टमध्ये हेच तत्त्व होते. त्यांची बारकाई मात्र खपल्यांच्या मोजणीला पुरत असली तरी गंजाच्या खळग्यांना पुरत नाही.

मोजणीपूर्वी धूळ, जाळी आणि सुटे कण ब्रशने झाडावेत, पण सुटू पाहणारी खपली उपटू नये; ती उपटली की तुम्ही दोष मोजला नाही, घडवला. प्रोजेक्टरच्या झोतात थेट पाहू नये, आणि लेझर वापरत असाल तर त्याचा वर्ग तपासून घ्यावा.

सातवा टप्पा: प्रतिमांपासून पॉइंट क्लाउडपर्यंत

ओपनसीव्ही या मुक्त लायब्ररीच्या पूरक भागात ग्रे कोड आणि फेज या दोन्ही पद्धती तयार मिळतात. त्यातून मिळणाऱ्या त्रिमितीय बिंदूंच्या संचावर, म्हणजे पॉइंट क्लाउडवर, पुढील काम करण्यासाठी ओपन३डी आणि क्लाउडकम्पेअर ही मोफत साधने पुरतात. फेजच्या चार प्रतिमांतून प्रत्येक पिक्सेलच्या लाटेची उंची, म्हणजे मॉड्युलेशन, काढता येते. ते ठरावीक मर्यादेखाली असलेले पिक्सेल विश्वासार्ह नसल्याने बाद करतात. हे करताना बाद पिक्सेलांचा नकाशा मात्र फेकून देऊ नये. अरुंद भेगेत प्रकाश सरळ न पोहोचता इकडेतिकडे आपटून पोहोचतो, त्यामुळे तिथे मॉड्युलेशन कोसळते. परिणामी जे बिंदू सॉफ्टवेअर निरुपयोगी म्हणून टाकून देते, तेच कित्येकदा भेगेचे चित्र रेखाटतात. काळा डागही मॉड्युलेशन कमी करतो, पण तो एकूण उजळपणाही त्याच प्रमाणात कमी करतो. म्हणून मॉड्युलेशनला सरासरी उजळपणाने भागून पाहावे. या गुणोत्तरात डाग बराचसा पुसला जातो आणि भेग उरते.

आठवा टप्पा: दोष वेगळा काढणे

दोष म्हणजे ‘जसे असायला हवे होते’ त्यापासूनचे विचलन, त्यामुळे आधी ‘जसे असायला हवे होते’ ते ठरवावे लागते. सपाट भिंतीसाठी प्रतल, बोगद्यासाठी दंडगोल. इथे सर्व बिंदूंवर सरासरी प्रतल बसवण्याची चूक होते: मोठा खड्डा प्रतलालाच आपल्याकडे ओढतो, मग खड्डा उथळ आणि शेजारची निरोगी भिंत फुगलेली दिसते. त्याऐवजी रॅनसॅक वापरावे. ते १९८१ पासून प्रचलित आहे आणि बहुसंख्य बिंदू ज्या प्रतलावर आहेत तेच निवडून बाकीच्यांकडे दुर्लक्ष करते.

मग प्रत्येक बिंदूचे त्या प्रतलापासूनचे अंतर काढून नकाशा रंगवावा. उंबरठा ठरवण्यासाठी निरोगी भागातील विचलनाचा प्रमाण विचलनांक घ्यावा आणि त्याच्या तिपटीपेक्षा खोल भाग दोष मानावा. यात यंत्राचा गोंगाट आणि पृष्ठभागाचा नैसर्गिक खडबडीतपणा दोन्ही येतात, आणि खडबडीत काँक्रीटवर दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असतो. त्यामुळे यंत्र ०.१ मिमीचे असले तरी तुमचा खरा उंबरठा १ मिमीच्या पुढे जाऊ शकतो. यात लाजण्यासारखे काही नाही. शेजारचे दोष-पिक्सेल एकत्र करून फार लहान पुंजके गाळावेत आणि उरलेल्या प्रत्येकाचे क्षेत्र, कमाल खोली आणि घनफळ काढावे. बिंदू ०.५ मिमीच्या जाळीवर आणले असतील, तर एका चौकोनाचे क्षेत्र ०.२५ चौरस मिमी. ४०,००० चौकोनांचा पुंजका म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर, आणि सरासरी खोली ६ मिमी असेल तर घनफळ ६० घन सेंटीमीटर. दुरुस्तीच्या साहित्याचा अंदाज बांधणाऱ्याला नेमका हाच आकडा लागतो. कमाल खोलीसाठी एकच सर्वांत खोल बिंदू घेऊ नये, कारण तो हमखास भरकटलेला असतो; सर्वांत खोल एक टक्का बिंदू सोडून जी खोली उरते ती द्यावी आणि तसे केल्याचे लिहावे.

आकडे हाती आल्यावर त्यांना वर्गात बसवता येते. उदाहरणार्थ, अमेरिकेतील आश्टो या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या पूल-पाहणी नियमावलीत खपल्यांसाठी १ इंच खोली आणि ६ इंच व्यास, म्हणजे सुमारे २५ मिमी आणि १५० मिमी, ही सीमा आहे. त्यापुढचा दोष वरच्या गंभीरतेच्या वर्गात जातो. २५ मिमीच्या सीमेसाठी ०.०७ मिमीची बारकाई अर्थातच नको असते. अशा वेळी यंत्र मागे नेऊन एका दृश्यात मोठे क्षेत्र घ्यावे आणि वेळ वाचवावा.

नववा टप्पा: पुन्हा तिथेच, काही महिन्यांनी

माझ्या मते या पद्धतीची खरी किंमत दुसऱ्या मोजणीत कळते. त्यासाठी पहिल्याच वेळी दोषाच्या बाहेर, निरोगी भागावर, किमान चार टिकाऊ खुणा चिकटवाव्यात आणि दोन्ही वेळचे पॉइंट क्लाउड त्या खुणांवरून जुळवावेत. संपूर्ण पृष्ठभाग वापरून आपोआप जुळवणारी आयसीपी पद्धत मोहक असते, पण बदललेला भागही जुळवणीत ओढल्यामुळे ती खरा बदल थोडाथोडा पसरवून लपवते. वापरायचीच तर दोषाचा भाग कापून काढून वापरावी. जुळवल्यानंतरचा फरक क्लाउडकम्पेअरमधील एम३सी२ या साधनाने काढता येतो, जे प्रत्येक फरकासोबत त्याची अनिश्चितताही सांगते.

दोन मोजण्यांच्या फरकात दोघींच्याही चुका येतात: प्रत्येकीची चूक ०.१५ मिमी असेल तर फरकाची सुमारे ०.२१ मिमी, आणि त्यात जुळवणीची चूक वेगळी. म्हणून अहवालात ‘खळगा ०.३ मिमीने वाढला’ असे लिहिण्याआधी जिथे काहीच बदललेले नसणार अशा शेजारच्या भागातला फरक पाहावा. तिथेही ०.३ मिमी दिसत असेल, तर खळगा वाढला असे म्हणता येत नाही. अहवालात प्रत्येक मापासोबत अंतर, पायारेषा, कॅलिब्रेशनची तारीख, फीलर गेजच्या पायऱ्यांचे निकाल, पृष्ठभागाचे तापमान आणि बाद झालेल्या पिक्सेलांची टक्केवारी द्यावी, आणि कच्च्या प्रतिमा जपून ठेवाव्यात. ५ मेगापिक्सेलच्या १३ आठ-बिट प्रतिमा एका दृश्याला ६५ मेगाबाइटच्या आसपास जागा घेतात. पुढच्या पाहणीच्या वेळी सॉफ्टवेअर बदललेले असेल, उंबरठे बदललेले असतील, कदाचित मोजणारा माणूसही बदललेला असेल. कच्च्या प्रतिमा असतील, तर जुनी मोजणी नव्या रीतीने पुन्हा काढून दोन्हींची तुलना एकाच मापाने करता येते.